पाटण खोऱ्याचा दरडप्रवणता नकाशा: पायथ्याची वाडी हिरव्या रंगात का येते?

प्रश्न: मोरणाकाठ (सातारा)

नमस्कार. मी भूगोलाची पदव्युत्तर विद्यार्थिनी असून पाटण तालुक्यातील मोरणा आणि कोयना या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांचा दरडप्रवणता नकाशा प्रबंधिकेसाठी तयार करीत आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, त्याच दिवसांत वाई तालुक्यातील देवरुखवाडीवरही डोंगर आला, आणि तेव्हापासून आमच्या भागात पावसाळा म्हटले की लोकांची नजर आधी डोंगराकडे जाते. त्यामुळे हे काम केवळ पदवीपुरते राहू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पद्धत अशी आहे. ३० मीटरच्या चौकोनांत जमिनीची उंची देणाऱ्या एसआरटीएम या अवकाशातून मोजलेल्या उंची-प्रतिमानावरून, क्यूजीआयएस या नकाशाच्या संगणक-प्रणालीत उतार, उताराची दिशा आणि वक्रता काढली. त्यांना खडकाचा प्रकार, भूवापर, ओढ्यापासूनचे अंतर आणि रस्त्यापासूनचे अंतर हे थर जोडले. २०२१ च्या दरडींचे व्रण उपग्रह-प्रतिमांवरून आखले, प्रत्येक आकृतीचा मध्यबिंदू घेतला आणि वारंवारता-गुणोत्तर पद्धतीने (वर्गातील दरडींचा वाटा भागिले त्या वर्गाचा क्षेत्रातील वाटा) प्रत्येक वर्गाला भार दिला. सत्तर टक्के बिंदू नकाशा घडविण्यासाठी आणि तीस टक्के पडताळणीसाठी ठेवले. पडताळणीचा आकडा (१ म्हणजे नकाशा अचूक) ०.९ च्या वर येतो आणि तो उत्तम मानला जातो.

तरीही मन स्वस्थ नाही, कारण डोंगराचे वरचे उतार लाल आणि नारिंगी दिसतात, परंतु जेथे घरे गाडली गेली त्या पायथ्याच्या वाड्या माझ्या नकाशावर पिवळ्या किंवा चक्क हिरव्या येतात. ज्या जागी माणसे दगावली ती जागा 'कमी धोका' म्हणून दाखविणारा नकाशा कोणत्या तोंडाने ग्रामसभेपुढे ठेवावा? चूक माहितीत आहे, भारांत आहे की पद्धतीतच आहे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: जांभाखडक (कऱ्हाड)

नमस्कार. मी भूविज्ञानाच्या क्षेत्रात काम करून निवृत्त झालो आहे. आपल्याला पडलेला प्रश्न हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपला नकाशा जे सांगतो ते बहुतांशी बरोबर आहे. तो ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो प्रश्न मात्र वेगळा आहे. दरडप्रवणतेचा नकाशा 'दरड कोठून सुटू शकते' एवढेच सांगतो. सुटलेली दरड कोठपर्यंत येऊन थांबेल, हे त्यात नसते. सह्याद्रीतील मोठ्या दुर्घटनांत माती आणि दगड वरच्या उतारावरून सुटले, पावसाच्या पाण्यात मिसळून घळीतून चिखलाच्या लोंढ्यासारखे खाली आले आणि पायथ्याच्या मंद उतारावरील घरांवर पसरले. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे दगावली, तीही डोंगराखालच्या वस्तीतीलच होती. म्हणजे उगमाची जागा, वहनाची वाट आणि पसरण्याची जागा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्या नकाशात त्यांपैकी पहिलीच आली आहे. त्यापुढे दरड किती काळात आणि केवढी येऊ शकेल हे जोडले की धोका कळतो, आणि त्या वाटेवर किती घरे, गोठे, शाळा व माणसे आहेत हे जोडले की जोखीम कळते. वृत्तपत्रांत प्रवणता, धोका आणि जोखीम हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. प्रबंधिकेत तसे होऊ देऊ नये.

आता आपल्या भागातील खडकाविषयी. दख्खनच्या बेसाल्टचे, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेल्या काळ्या खडकाचे, प्रवाह एकावर एक आडवे पसरलेले आहेत आणि दोन प्रवाहांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी गेरूसारखा तांबडा, मऊ थर सापडतो. कठीण बेसाल्टाच्या भेगांतून झिरपलेले पाणी या थराशी अडते आणि आडवे वाहू लागते. महाबळेश्वर, पाचगणी, कास अशा उंच पठारांवर जांभ्याची टोपी आहे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी भराभर पितो आणि त्याच्या खालची पांढुरकी-पिवळी चिकणमाती ते पाणी अडवते, म्हणून पठाराच्या कडेखाली पावसाळ्यात जागोजाग उपळ (झरे) फुटतात. या कडेखालच्या पट्ट्यात मुरूम, माती आणि वरून निखळलेले दगड साचलेले असतात. दिवसच्या दिवस झड लागली की या साठ्यातील छिद्रे पाण्याने भरतात, आतल्या पाण्याचा दाब वाढतो, मातीच्या कणांची एकमेकांवरील पकड सुटते आणि संपूर्ण थर खालच्या खडकावरून घसरतो. २२ आणि २३ जुलै २०२१ दरम्यानच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण-खटावमध्ये वर्षभरात साधारण एवढाच पाऊस पडतो. तेवढे पाणी एका दिवसात मावून घेण्याची ताकद कोणत्याही उतारात नसते.

यावरून आणखी एक बाब लक्षात घ्यावी, ती म्हणजे उतार जितका तीव्र तितकी दरड अधिक, हे समीकरण सह्याद्रीत सरळ लागू पडत नाही. उभ्या कड्यावर माती टिकतच नाही. तेथून सुटे खडक पडतील, पण चिखलाचा लोंढा सुटत नाही. तो सुटतो कड्याच्या खालच्या, माती धरून ठेवणाऱ्या मध्यम-तीव्र उतारावरून. वारंवारता-गुणोत्तराचा फायदा असा की, नीट मोजल्यास हे आपोआप दिसते. समजा, २५ ते ३५ अंश उताराने आपल्या क्षेत्राचा २० टक्के भाग व्यापला आहे आणि दरडींचे ५० टक्के उगम त्या वर्गात आहेत, तर गुणोत्तर अडीच येईल. ४५ अंशांवरील उताराने ८ टक्के क्षेत्र व्यापले असून उगम ४ टक्केच असतील, तर गुणोत्तर अर्धा (०.५) येईल.

मात्र त्यासाठी बिंदू योग्य जागी हवा, आणि येथेच आपल्या पद्धतीतील खरी दुरुस्ती आहे. दरडीचा व्रण लांबट असतो. त्याचा मध्यबिंदू घेतला की तो अनेकदा वहनाच्या वाटेत किंवा खालच्या साठ्यात पडतो, मग मंद उतार, ओढ्याकाठ आणि भातखाचरे यांना नको तेवढा भार मिळतो आणि जेथून माती प्रत्यक्ष सुटली त्या जागेचा भार घटतो. प्रत्येक व्रणाचा वरचा पंचमांश भाग, जेथे ताज्या कापासारखी उभी कड दिसते, तेवढाच उगम म्हणून घ्यावा आणि भार पुन्हा काढावेत. आपला नकाशा यामुळे अधिक काटेकोर होईल आणि पायथा कदाचित आणखी हिरवा होईल. त्याने गोंधळून जाऊ नये, कारण पायथ्याचा हिशेब स्वतंत्रच करायचा आहे.

तो असा करता येतो. २०२१ च्या प्रत्येक व्रणासाठी अगदी वरच्या कडेपासून साठ्याच्या शेवटच्या टोकापर्यंतची उंचीतील घट आणि आडवे अंतर मोजावे. घट भागिले अंतर, यावरून जो कोन येतो त्याला पोहोच-कोन म्हणता येईल. कोन जितका लहान, तितकी दरड दूरवर गेली. वाडीच्या वर ३०० मीटर उंचीवर उगम असेल आणि कोन २० अंश धरला, तर दरड आडव्या अंतराने सव्वाआठशे मीटरपर्यंत येऊ शकते. १५ अंश धरला तर अकराशे मीटरच्याही पुढे. आपल्या खोऱ्यातील व्रणांवरून आलेल्या कोनांपैकी लहान कोन सावधगिरी म्हणून निवडावा, नकाशावरील लाल उगमस्थानांपासून उताराच्या दिशेने वाटा काढाव्यात आणि त्या कोनाच्या मर्यादेपर्यंत रंगवाव्यात. फ्लो-आर हे मोफत साधन याच कामासाठी आहे. एक खबरदारी मात्र घ्यावी. पाण्याची वाट काढण्याच्या नेहमीच्या पद्धतीत प्रतिमानाच्या जाळीतील एका चौकोनातील सारे पाणी शेजारच्या एकाच चौकोनात जाते. चिखलाचा लोंढा पायथ्याशी पंख्यासारखा पसरतो, म्हणून अनेक दिशांनी पसरणारी पद्धत निवडावी.

कोयनेच्या भूकंपाविषयी कोणी ना कोणी विचारेलच. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप मोठा होता आणि या परिसरात आजही धक्के बसतात, परंतु जुलै २०२१ मध्ये दरडी सोडविल्या त्या पावसाने. शिवाय आपले क्षेत्र लहान असल्यामुळे भूकंपप्रवणतेचा थर सगळीकडे जवळजवळ सारखाच येईल आणि एका जागेला दुसरीपासून वेगळे करण्यास त्याची मदत होणार नाही. तो थर घेऊ नये असे माझे मत आहे.

प्रतिसाद: रेखांश७४ (सांगली)

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. मी भौगोलिक माहिती प्रणालीचे काम करतो, त्यामुळे तांत्रिक बाजूच्या काही गोष्टी जोडतो.

उतार काढण्यापूर्वी उंची-प्रतिमान यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर पट्ट्यात रूपांतरित केले होते का, हे तपासावे. अक्षांश-रेखांशातील प्रतिमानावर थेट उतार काढला की आडवे अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये राहते आणि सगळीकडे ९० अंशांच्या जवळचा उतार दिसतो. आपण केलेले नकाशाचे वर्णन पाहता ही चूक बहुधा झालेली नसावी.

३० मीटरच्या प्रतिमानाची खरी अडचण कड्यांची आहे. उतार काढताना प्रणाली मधल्या चौकोनाच्या दोन्ही बाजूंचे चौकोन पाहते, म्हणजे ६० मीटर अंतरातील उंचीचा फरक मोजते. ४० मीटरचा उभा कडा त्यामुळे सुमारे ३४ अंशांचा उतार होऊन बसतो आणि मातीच्या मध्यम उताराच्या वर्गात मिसळतो, म्हणजे वर सांगितलेला कडा आणि कड्याखालचा पट्टा हा महत्त्वाचा भेद नकाशातून पुसला जातो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशांवरील २० मीटर अंतराच्या समोच्च रेषा जेथे एकमेकींना चिकटतात, तेथे कडे हाताने आखून त्यांचा स्वतंत्र वर्ग करावा. काम कंटाळवाणे आहे, पण पाटणसारख्या तालुक्यात त्यावाचून गत्यंतर नाही.

एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० ची आहे, हे मात्र येथे सोयीचे ठरते, कारण आपल्याला दरड कोसळण्यापूर्वीचा उतार हवा असतो. नंतरच्या प्रतिमानात व्रणाच्या जागी खचलेली जमीन दिसेल आणि तिच्यावरून काढलेला भार कारणाऐवजी परिणाम मोजेल.

आता पडताळणीविषयी, कारण ०.९ हा आकडा पाहून मला आनंदापेक्षा शंका अधिक वाटते. २०२१ च्या दरडी जवळजवळ एकाच वेळी, ठरावीक डोंगररांगांवर, एकमेकींच्या शेजारी कोसळल्या. त्यांतील तीस टक्के बिंदू यादृच्छिक पद्धतीने बाजूला काढले, तर पडताळणीचा प्रत्येक बिंदू घडणीच्या एखाद्या बिंदूला जवळपास चिकटलेलाच असतो आणि नकाशाला तो आधीच ठाऊक असतो. त्याऐवजी मोरणा खोऱ्यावरून नकाशा घडवावा आणि कोयना खोऱ्यावर तपासावा, मग उलटही करून पाहावे. आकडा खाली येईल, कदाचित बराच खाली येईल; पण प्रबंधिकेत तोच द्यावा, कारण परीक्षकांपेक्षा त्या आकड्याचा आधार घेणारे लोक महत्त्वाचे आहेत.

रस्त्यापासूनच्या अंतराचा थरही जपून वापरावा. नोंदी रस्त्याकडेच्या दरडींच्या अधिक होतात. कुंभार्ली घाटात दगड आला की दुसऱ्या दिवशी बातमी येते, आणि जंगलात आत सुटलेली दरड कोणालाच दिसत नाही. त्यामुळे हा थर अनेकदा दरडीऐवजी बातमीदारीच मोजतो. घाटरस्त्यासाठी पायथा कापल्याने उतार कमकुवत होतो हे खरे आहे, पण ते सिद्ध करण्यासाठी संपूर्ण क्षेत्र सारख्या बारकाईने पाहिलेली यादी हवी. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या १० मीटरच्या प्रतिमा पावसाळ्यापूर्वीच्या आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या स्वच्छ आकाशातील अशा दोन्ही घेऊन हिरवळीच्या निर्देशांकातील घट पाहिल्यास आतले व्रणही सापडतात. कापणी झालेली खाचरे आणि खाणी त्यात मिसळतात, म्हणून ठरावीक अंशांपेक्षा कमी उताराचे तुकडे गाळून उरलेले एकेक करून डोळ्यांनी तपासावे लागतात.

प्रतिसाद: डोंगरपायथा (पाटण)

मी याच खोऱ्यातील एका वाडीवर राहतो आणि प्राथमिक शाळेत शिकवतो. नकाशाशास्त्रातले मला फारसे कळत नाही, परंतु वर जे 'पसरण्याची जागा' म्हणून लिहिले आहे, त्याविषयी सांगण्यासारखे आहे.

आमच्या बहुतेक वाड्या पायथ्याच्या ज्या सपाट तुकड्यावर वसलेल्या आहेत, तेथे माती खोल आहे, उन्हाळ्यातही झऱ्याला पाणी असते आणि भात चांगले येते. म्हणूनच पूर्वजांनी ती जागा निवडली. पण विहीर खणताना तेथे सलग खडक लागत नाही. माती आणि त्यात रुतलेले मोठमोठे धोंडे लागतात, आणि हे धोंडे वरच्या कड्याच्या दगडासारखे असतात. म्हणजे ती जमीन डोंगरानेच कधीतरी खाली आणून टाकलेली आहे. विहिरींच्या कडा आणि रस्त्याच्या कापातील थर पाहून अशा जागा नकाशावर आखता येतील आणि त्यासाठी उपग्रहाची गरज नाही.

दुसरे म्हणजे, डोंगर सुटण्याआधी खुणा देतो. उताराला आडव्या भेगा पडतात, त्यांत पावसाचे पाणी शिरते, झाडे आणि विजेचे खांब कलतात, वर्षानुवर्षे स्वच्छ वाहणारा उपळ एकाएकी गढूळ होतो किंवा आटतो, घराच्या जोत्याला आणि भिंतीला नव्या चिरा जातात, दारे चौकटीत अडकू लागतात. गुरे राखणाऱ्यांना आणि रानात जाणाऱ्या बायकांना हे सर्वांआधी दिसते. आपण खोऱ्यात याल तेव्हा केवळ सरपंचांना आणि तलाठ्यांना न भेटता या लोकांना बरोबर घेऊन वर चढावे. कोणत्या घळीला कोणते नाव आहे, कोणत्या आजोबांच्या काळात कोठे डोंगर आला होता, हे त्यांच्याकडूनच कळेल. जुन्या दरडीचा व्रण पाच-दहा पावसाळ्यांत कारवी आणि झुडपांनी झाकला जातो, तो प्रतिमेत दिसणार नाही.

वरच्या उतारावर अलीकडे यंत्राने केलेले सपाटीकरण आणि घरापर्यंत नेलेले कच्चे रस्तेही तपासावेत. रस्त्याच्या कडेला गटार नसेल तर सगळे पाणी एका जागी उतारात मुरते. भूवापराच्या नकाशात ती जागा 'शेती' किंवा 'झुडूप' म्हणूनच राहते.

पावसाचे मोजमाप महसूल मंडळाच्या केंद्रावर होते आणि ते केंद्र बहुधा खाली खोऱ्यात असते. डोंगरमाथ्यावर त्याच दिवशी कितीतरी जास्त पाऊस असतो, हे आम्ही ओढ्याच्या पाण्यावरून ओळखतो. आमच्या शाळेत साधे पर्जन्यमापक ठेवून मुले रोज नोंद करतात. अशा नोंदी वरच्या वाड्यांवर सुरू झाल्या तर आपल्या कामाला निश्चित उपयोग होईल.

मोरणाकाठ (सातारा)

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. उगमाचे बिंदू नव्याने घेऊन पोहोच-कोनाचा स्वतंत्र थर करीन, दोन खोरी एकमेकींवर तपासून पाहीन आणि विहिरींची पाहणीही योजनेत घेईन. गुरुजी, आपल्या वाडीवर येण्याची परवानगी असावी. मार्गदर्शकांशी बोलून आपल्याला कळवीन.

एक शंका उरते. नवा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवताना त्यावर घरे दाखवावीत का? एखादे घर रेषेच्या आत आणि शेजारचे बाहेर आले, तर लोक त्या रेषेवर विसंबून राहतील, किंवा तिच्यावरून वाद होतील.

जांभाखडक (कऱ्हाड)

आपली शंका रास्त आहे. १:५०,००० प्रमाणावर नकाशातील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील ५० मीटर. एखादी लहान वाडी त्यावर दोन-तीन मिलिमीटरची असते आणि रेषेची जाडीच एखाद्या घराएवढी होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४-१५ पासून राष्ट्रीय पातळीवर केलेले दरडप्रवणता नकाशेही याच प्रमाणावर आहेत, आणि त्यांचा उपयोग कोठे बारकाईने पाहायचे हे ठरविण्यासाठी आहे. घरनिहाय निर्णयासाठी ते नाहीत. आपल्या नकाशाचाही तोच दर्जा ठेवावा.

म्हणून घरे दाखवू नयेत. वाडीची एकसंध हद्द आखावी आणि उगमाचे उतार, वहनाच्या घळी व पसरण्याचा पंखा हे तीन वेगवेगळ्या रंगांत दाखवावेत. पंख्याची कड ठळक रेषेने न आखता फिकट होत जाणारी ठेवावी. 'कमी धोका' हे शब्द सूचीतून काढून टाकावेत आणि त्या जागी 'येथून दरड सुटण्याची शक्यता कमी' असे पूर्ण वाक्य लिहावे, म्हणजे हिरवा रंग पाहून कोणी वरच्या घळीकडे दुर्लक्ष करणार नाही. पंख्यात येणाऱ्या प्रत्येक वाडीसाठी अतिवृष्टीच्या रात्री कोणत्या वाटेने आणि कोणत्या जागी जायचे, हे ग्रामस्थांसह ठरवून त्याच नकाशावर आखावे. ती वाट घळ ओलांडणारी नसावी. आपण ज्या वाड्या निवडाल त्यांची यादी तहसीलदार कार्यालयाला आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला लेखी द्यावी, आणि प्रत्यक्ष जागेवर येऊन अधिक बारकाईच्या, मोठ्या प्रमाणाच्या नकाशाचे सर्वेक्षण करण्याची विनंती त्याच पत्रात करावी. पत्रासोबत गुरुजींनी सांगितलेल्या खुणांची छायाचित्रे तारीख आणि घळीच्या नावासह जोडावीत. अशी पाहणी एप्रिल-मेपर्यंत उरकलेली बरी, कारण जूनमध्ये पाऊस लागल्यावर वरचे उतार चढणे सुरक्षित राहत नाही आणि गवत वाढले की भेगाही दिसत नाहीत.